गाणी फीमध्ये धरून : पेन स्टेट विद्यापीठ आणि नॅपस्टरचा करार

६ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने, म्हणजे पेन स्टेटने, एक घोषणा केली. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रापासून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकावर पाच लाखांहून अधिक गाणी ऐकता येतील, उतरवून ठेवता येतील आणि त्याचं वेगळं बिल येणार नाही. प्रत्येक विद्यार्थी वर्षाला १६० डॉलर माहिती-तंत्रज्ञान फी भरतच होता, त्यातूनच हे पैसे जाणार होते. गाणी पुरवणाऱ्या कंपनीचं नाव होतं नॅपस्टर.

नाव वाचून थबकायला होतं. दोनच वर्षांपूर्वी, २००१ च्या जुलैमध्ये, याच नावाची सेवा न्यायालयाच्या आदेशांमुळे बंद पडली होती. विद्यार्थ्यांना फुकट गाण्यांची वाट ज्या नावाने दाखवली, तेच नाव आता विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी त्यांच्या खोलीत परत येत होतं.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. ई-जर्नल्स आणि डेटाबेस यांच्या वर्गण्यांची नूतनीकरणं दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात. एवढ्या मोठ्या विद्यापीठाने ग्रंथालयात नियतकालिकं घ्यावीत तशी सगळ्यांसाठी एकत्र गाणी घेतल्याचं हे पहिलं उदाहरण. त्यात काय घेतलं, कोणाच्या पैशांनी घेतलं आणि शेवटी कोणाच्या हातात काय राहिलं, हे तीन प्रश्न मला रोजच्या कामातून ठाऊक आहेत, म्हणून हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे.

आधीची चार वर्षं

नॅपस्टर जन्मलं तेच विद्यापीठाच्या आवारात. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंगने १९९९ मध्ये ते सुरू केलं. रचना सोपी होती. गाणी प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर राहत, कोणाकडे काय आहे याची यादी तेवढी नॅपस्टरच्या सर्व्हरवर असे. यादीत नाव शोधायचं आणि थेट त्या अनोळखी माणसाच्या संगणकावरून गाणं उतरवून घ्यायचं.

घरोघरी तेव्हा टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं. एक गाणं उतरायला कितीतरी मिनिटं लागत आणि तेवढा वेळ फोन अडकून पडे. वसतिगृहाच्या खोलीत मात्र भिंतीतल्या सॉकेटमधून वेगवान जाळं येत होतं, तेही रात्रंदिवस. हे सगळं कॅम्पसमध्येच फोफावलं त्याचं कारण एवढंच आहे. विद्यार्थी इतरांपेक्षा कमी प्रामाणिक होते असं मुळीच नाही. सोय त्यांच्या हाताशी होती.

जाळं भरून वाहू लागल्यावर काही विद्यापीठांनी नॅपस्टरला अटकाव केला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या बँडने नॅपस्टरवर दावा लावला, तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया, येल आणि इंडियाना ही विद्यापीठंही त्यात प्रतिवादी होती. विद्यापीठाला पहिल्यांदा कळलं की आपण नुसती तार पुरवत नाही आहोत, या भांडणात आपलंही नाव येऊ शकतं.

नॅपस्टर बंद झालं पण सवय गेली नाही. विद्यार्थी काझासारख्या प्रणालींकडे वळले. तिथे मधली यादीच नव्हती, त्यामुळे एक सर्व्हर बंद करून सगळं थांबवण्याची सोय उरली नाही. मग अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, माणसांवरच मोर्चा वळवला. एप्रिल २००३ मध्ये प्रिन्स्टन, रेन्सिलेर आणि मिशिगन टेक या तीन संस्थांतल्या चार विद्यार्थ्यांवर दावे लागले. कॅम्पसच्या जाळ्यावरच्या फायली शोधून देणाऱ्या व्यवस्था ते चालवत होते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी अमेरिकी कायद्यात एका कलाकृतीमागे, म्हणजे एका गाण्यामागे, दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. हजारो गाण्यांना हा आकडा गुणून पाहिला तर विशीतल्या मुलाच्या पोटात गोळाच येणार. चौघांनी काही आठवड्यांत तडजोड केली, प्रत्येकी १२,००० ते १७,५०० डॉलरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी २६१ जणांवर एकदम दावे लागले. त्यात न्यूयॉर्कमधली बारा वर्षांची एक मुलगीही निघाली.

विद्यापीठाची कोंडी

१९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने इंटरनेट पुरवणाऱ्यांना एक संरक्षण दिलं होतं. वापरणाऱ्याने गुन्हा केला तर तार पुरवणाऱ्यावर तो येणार नाही, पण तक्रार आल्यावर पुरवठादाराने हालचाल केली पाहिजे आणि पुन्हापुन्हा उल्लंघन करणाऱ्याचं कनेक्शन तोडण्याचं धोरण त्याच्याकडे असलं पाहिजे. वसतिगृहांना जाळं देणारं विद्यापीठ हे कायद्याच्या नजरेत असं पुरवठादारच. संगणक विभागात तक्रारींची पत्रं येत. जाळ्यावरच्या कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणतं गाणं दिलं जात होतं हे त्यात असे. पत्त्यावरून खोली शोधायची आणि त्या विद्यार्थ्याला बोलवायचं, हे काम एखाद्या कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडे.

पेन स्टेटने एप्रिल २००३ मध्ये सुमारे २२० विद्यार्थ्यांची वसतिगृहातली कनेक्शनं तोडली. गाणी त्याच तारेवरून येत होती, पण अभ्यासाचं साहित्य आणि घरच्यांची पत्रंही तिथूनच येत होती. फ्लोरिडा विद्यापीठाने इकॅरस नावाची स्वतःची प्रणालीच बनवली. जाळ्यावर फायलींची देवाणघेवाण दिसली की ती संबंधित खोलीचं कनेक्शन आपोआप बंद करी. एमआयटी आणि बोस्टन कॉलेज यांनी दुसरी वाट धरली. विद्यार्थ्यांची नावं मागणाऱ्या समन्सना त्यांनी २००३ च्या उन्हाळ्यात न्यायालयात हरकत घेतली. वॉशिंग्टनच्या न्यायालयातून काढलेलं समन्स मॅसॅच्युसेट्समध्ये लागू होत नाही, या मुद्द्यावर ती हरकत टिकलीही. शिक्षा, पहारा आणि विद्यार्थ्याची पाठराखण अशी तीन वेगवेगळी उत्तरं झाली ही. चौथं उत्तर होतं कायदेशीर गाणी देण्याचं, आणि पेन स्टेट तिकडे का वळलं याला एक खास पार्श्वभूमी आहे.

डिसेंबर २००२ मध्ये उच्च शिक्षण आणि मनोरंजन उद्योग यांची एक संयुक्त समिती बनली. पेन स्टेटचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि आरआयएएचे अध्यक्ष कॅरी शर्मन हे तिचे दोन सहअध्यक्ष. म्हणजे या करारासाठी टेबलाच्या एका बाजूला जो माणूस बसला होता, तो रेकॉर्ड कंपन्यांच्या माणसाबरोबर वर्षभर समिती चालवत होता. पेन स्टेटच्या विश्वस्त मंडळावरचे एक सदस्य आरआयएएचे वकील होते, तेही तेव्हा चर्चेत आलं. यात काही गैर झालं असं मी म्हणत नाही. स्पॅनियर विद्यार्थ्यांना दाव्यांपासून वाचवू पाहत होते यावर माझा विश्वास आहे. पण माणूस ज्यांच्यात उठतो-बसतो त्यांची अडचण त्याला आधी कळते. कराराच्या कलमांत हे दिसतं.

काय मिळालं, काय नाही

इथे ‘नॅपस्टर’ या नावाचा उलगडा करायला हवा. जुन्या कंपनीचं दिवाळं निघाल्यावर सीडी-लेखनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या रॉक्सिओने तिचं नाव आणि मालमत्ता विकत घेतली. प्रेसप्ले ही सोनी आणि युनिव्हर्सलची वर्गणीवर चालणारी सेवाही घेतली आणि दोन्ही जोडून २००३ च्या ऑक्टोबरअखेर नवं नॅपस्टर बाजारात आणलं. आत सगळं बदललं होतं, पाटी तेवढी जुनी. बाहेरच्या ग्राहकाला महिना ९.९५ डॉलर पडत. पेन स्टेटला दर माणशी किती पडले हे उघड केलं गेलं नाही, ते बरंच कमी आहे एवढंच सांगितलं गेलं.

विद्यार्थ्याच्या हातात तीन प्रकारची गाणी येत होती. ती नीट वेगळी केल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही.

पहिला प्रकार ऐकण्याचा. जाळं चालू आहे तोवर यादीतलं काहीही लावा. हा भाग चांगलाच होता. कधी न ऐकलेला जॅझ, कधी न ऐकलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, पैशाचा विचार न करता चाळता येत होतं. ज्याने पुस्तकांच्या खुल्या कपाटांतून फिरण्याचं सुख अनुभवलंय, त्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरा प्रकार बांधलेल्या डाउनलोडचा. गाणं संगणकावर उतरे, जाळ्याशिवायही वाजे, पण त्याला कुलूप असे. फाइल विंडोज मीडियाच्या कुलुपातली आणि किल्ली म्हणजे एक परवाना, जो वर्गणी चालू असेतोवरच जिवंत. विद्यापीठ सोडलं, किंवा विद्यापीठाने करार सोडला, की फाइल तिथेच पडून राहायची आणि गाणं वाजायचं थांबायचं. पदवीच्या दिवशी चार वर्षांत जमवलेला सगळा संग्रह मुका. चालू ठेवायचा तर पुढे स्वतःच्या खिशातून महिन्याचे पैसे.

तिसरा प्रकार कायमच्या खरेदीचा. सीडीवर घ्यायचं असेल, गाडीत लावायचं असेल, तर गाण्यामागे ९९ सेंट वेगळे. फीमध्ये हे नव्हतं.

वर आणखी दोन अटी, कागदावर तांत्रिक वाटणाऱ्या. सेवा फक्त विंडोजवर चालणार, मॅक किंवा लिनक्सवर नाही. आणि आयपॉडवर ही गाणी जाणार नाहीत, कारण मायक्रोसॉफ्टचं कुलूप अॅपलच्या यंत्राला उघडत नव्हतं. २००३ मध्ये तरुण मुलाच्या डोळ्यासमोर गाणं म्हटलं की काय येत होतं? खिशातलं छोटं यंत्र आणि कानातल्या पांढऱ्या तारा. अॅपलचं संगीत दुकान त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघडलं होतं आणि ऑक्टोबरमध्ये विंडोजवरही आलं होतं. पेन स्टेटची गाणी मात्र खोलीतल्या टेबलावर बांधलेली. वर्गात जाताना, धावायला जाताना, सुट्टीत बसने घरी जाताना ती बरोबर येणार नव्हती.

आणि काझावरून उतरवलेलं गाणं? त्याला कुलूप नव्हतं. ते आयपॉडवर जाई, सीडीवर जाई, मित्राच्या संगणकावर जाई आणि पदवीनंतरही वाजे. कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तर चोरीचा माल अधिक टिकाऊ होता. कायदेशीर सेवा उभी करणाऱ्याने या गोष्टीकडे आधी पाहायला हवं होतं असं मला वाटतं, कारण विद्यार्थ्याच्या मनात तुलना होणार ती दुकानातल्या सीडीशी नव्हे, शेजारच्या खोलीतल्या फोल्डरशी.

त्याच सुमारास एमआयटीत

पेन स्टेटच्या घोषणेच्या दहा दिवस आधी, २७ ऑक्टोबर २००३ ला, एमआयटीत दोन विद्यार्थ्यांनी बांधलेला एक प्रकल्प सुरू झाला होता. त्याचं नाव लॅम्प. पहिल्या रूपात तो फार दिवस टिकला नाही, पण मला तो पेन स्टेटच्या करारापेक्षा विचाराने खोल वाटतो.

त्यांची कल्पना अशी. कॅम्पसवर केबल टीव्हीचं जाळं आहे. त्यावर सोळा वाहिन्या घ्यायच्या. सुमारे ३,५०० सीडींचा संग्रह सर्व्हरवर ठेवायचा. विद्यार्थ्याने संकेतस्थळावरून एखादी वाहिनी काही वेळापुरती आपल्या ताब्यात घ्यायची आणि हवी ती गाणी लावायची. आवाज खोलीत येणार तो केबलवरून, अॅनालॉग लहरींच्या रूपात.

अॅनालॉगच का? अमेरिकेत गाण्याला दोन हक्क चिकटलेले असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा रेकॉर्ड कंपनीकडे असतो. रचना जाहीरपणे वाजवण्यासाठी विद्यापीठं अॅस्कॅप, बीएमआय आणि सीसॅक या संस्थांना एकगठ्ठा शुल्क भरतातच, संमेलनं आणि सामन्यांसाठी ते लागतंच. ध्वनिमुद्रण वाजवण्याचा हक्क मात्र अमेरिकी कायद्यात फक्त डिजिटल प्रसारणाला लागू होतो, तोही १९९५ पासून. तिथे साधं रेडिओ केंद्र रेकॉर्ड कंपनीला वाजवण्याचे पैसे देत नाही ते यामुळेच. मग गाणं अॅनालॉग पाठवलं तर विद्यापीठ आधीच भरत असलेल्या शुल्कात ते बसतं. कायद्याला बगल द्यायची नाही, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि त्यात विद्यार्थ्यासाठी जागा शोधायची! मला या मुलांचं फार कौतुक वाटतं.

अडचण आली ती सर्व्हरवरच्या प्रतींची. वाजवणं एक आणि प्रत करणं वेगळं, प्रतीला रेकॉर्ड कंपनीची परवानगी लागते. त्यांनी गाण्यांच्या फायली लाउडआय नावाच्या कंपनीकडून रीतसर विकत घेतल्या होत्या. हक्काचं सगळं पाहिलेलं आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. प्रकल्प सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच रेकॉर्ड कंपन्या म्हणाल्या, अशी विक्री करायला आम्ही परवानगी दिलेलीच नाही. एमआयटीने लॅम्प थांबवला. पुढच्या वर्षी मांडणी बदलून तो पुन्हा सुरू झाला.

या छोट्या प्रकरणातून एक गोष्ट मी माझ्या कामात घेतली. विक्रेता जे विकतो आहे ते विकण्याचा हक्क त्याच्याकडे आहे का, हे लेखी मागायचं. संगीतात ही साखळी फार लांब असते. एमआयटीतल्या मुलांनी पुष्कळ काळजी घेऊनही मधली एक कडी तुटकी निघाली.

सुरुवात झाल्यावर

१२ जानेवारी २००४ ला पेन स्टेटमध्ये सेवा सुरू झाली, सुमारे १८,००० विद्यार्थ्यांसाठी. वसंत सत्रानंतर, त्या वर्षीच्या पानगळीच्या सत्रापासून, विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवरच्या ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ती देण्याचं ठरलेलं होतं. सुरुवातीचा वापर भरपूर झाला. लोकप्रिय गाणी कॅम्पसवरच्याच सर्व्हरवर साठवायची, म्हणजे तेच गाणं हजार जणांनी मागितलं तरी बाहेरच्या जाळ्यावर हजारदा ताण पडत नाही, ही सोयही नॅपस्टरने विद्यापीठांसाठी काढली. संगणक विभागाच्या दृष्टीने तो मोठा दिलासा असणार.

फेब्रुवारीत रॉचेस्टर विद्यापीठ नॅपस्टरकडे गेलं. त्यानंतर कॉर्नेल, जॉर्ज वॉशिंग्टन, सदर्न कॅलिफोर्निया अशी रांग लागली. सी-डिजिक्स आणि रकस या दोन कंपन्या खास विद्यापीठांसाठी उभ्या राहिल्या. वरवर पाहता पेन स्टेटने वाट घालून दिली होती.

आत मात्र कुरबुर होती. पहिल्या सत्रात वसतिगृहाबाहेर राहणारा विद्यार्थीही तीच फी भरत होता, त्याला गाणी नव्हती. मॅक वापरणाऱ्याला नंतरही नव्हती. ‘वेगळं बिल येणार नाही’ या शब्दांवर बोट ठेवणारेही होते. फी विद्यार्थ्यांचीच, मग फुकट कशाला म्हणायचं? तोच पैसा प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर का खर्च केला नाही?

या आक्षेपातला एक भाग मला पटतो, एक पटत नाही. सगळ्यांनी भरायचं आणि काहींनी वापरायचं यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. ग्रंथालय असंच चालतं. वाणिज्य शाखेच्या मुलीच्या फीतून संस्कृतचे कोश येतात आणि संस्कृतच्या मुलाच्या फीतून लेखापरीक्षणाची पुस्तकं. सामायिक खरेदीचं सौंदर्यच ते आहे. पण ग्रंथालयात काय घ्यायचं हे ठरवायला ग्रंथालय समिती असते, प्राध्यापक मागण्या पाठवतात, विद्यार्थ्यांची सूचनांची वही असते. इथे ऐकणाऱ्यांना न विचारता त्यांच्या फीतून ऐकणं विकत घेतलं गेलं. विचारलं असतं तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणालं असतं, ‘हे माझ्या आयपॉडवर जाईल का?’

ऑगस्ट २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सोळाशेवर विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी म्हणून आयपॉड वाटले. एका विद्यापीठाने यंत्र दिलं, दुसऱ्याने गाणी दिली आणि ती गाणी त्या यंत्रात जात नव्हती. २००५ च्या फेब्रुवारीत नॅपस्टरने खिशातल्या यंत्रावर नेता येतील अशी महिना १४.९५ डॉलरची योजना आणली, पण ती मायक्रोसॉफ्टचं कुलूप जाणणाऱ्या यंत्रांपुरती. आयपॉड बाहेरच राहिला.

कॉर्नेलमधली नॅपस्टर सेवा दोन वर्षांनी, २००६ मध्ये संपली. स्वतःच्या पैशांनी ती पुढे चालवण्याची विद्यार्थ्यांची तयारी नव्हती. रकसने २००७ च्या जानेवारीपासून जाहिरातींच्या जोरावर सगळ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सेवा मोफत केली. फुकट असूनही कुलूप आणि आयपॉडची अडचण तीच. फेब्रुवारी २००९ मध्ये रकस बंद पडलं. विद्यार्थ्यांनी उतरवून ठेवलेल्या गाण्यांचे परवाने नव्याने देणारं कोणी उरलं नाही.

शांतता मिळाली का

विद्यापीठांनी हे पाऊल उचललं त्यामागे एक आशा होती. आपण कायदेशीर वाट दिली की दावे थांबतील. तसं झालं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये आरआयएएने तेरा विद्यापीठांकडे चारशे पत्रं पाठवली. ही पत्रं त्या त्या विद्यार्थ्याला पोचवा, आणि त्याने खटल्याआधीच तडजोड करावी, असा त्यांचा आशय. तडजोडीची रक्कम साधारण ३,००० डॉलर. पुढे महिन्यामागून महिना अशी पत्रं येत राहिली. एका हाताने सेवा विकणारा उद्योग दुसऱ्या हाताने नोटिसा काढत होता, आणि टपाल पोचवण्याचं काम विद्यापीठाकडे. सामूहिक दाव्यांचं हे धोरण डिसेंबर २००८ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं. तोवर सुमारे ३५,००० लोक त्यात सापडले होते.

दरम्यान ऑगस्ट २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात एक कलम आलं. विद्यापीठांनी बेकायदा देवाणघेवाण रोखण्याचा आराखडा करावा आणि शक्य तेवढे कायदेशीर पर्याय द्यावेत, असं ते कलम. म्हणजे पेन स्टेटने आपखुशीने केलं ते आता अर्धवट बंधनकारक झालं. या कायद्याची चर्चा चालू असताना चित्रपट उद्योगाच्या संघटनेने एक आकडा पुढे केला होता. उद्योगाच्या अमेरिकेतल्या नुकसानीपैकी ४४ टक्के विद्यार्थ्यांमुळे होतं, असा. जानेवारी २००८ मध्ये संघटनेनेच कबूल केलं की हिशेबात चूक होती, खरा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. तोवर विद्यार्थ्यांच्या डोक्यावर तिप्पट ओझं होतं. मला याचा राग येतो, आजही.

कायदेशीर गाणी द्यायची हा पेन स्टेटचा हेतू मला पूर्ण मान्य आहे. गाणारा, वाजवणारा, लिहिणारा यांना त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत, आणि विशीतल्या मुलाला चोर ठरवण्यापेक्षा त्याला सरळ वाट देणं केव्हाही बरं. चूक झाली ती गरज ओळखण्यात. रेकॉर्ड कंपन्यांना प्रती थांबवायच्या होत्या, विद्यापीठाला नोटिसा आणि जाळ्यावरचा ताण टाळायचा होता, नॅपस्टरला ग्राहक हवे होते, आणि विद्यार्थ्याला गाणं बरोबर न्यायचं होतं. करारात पहिल्या तिघांची सोय झाली.

नंतर आपल्याकडे

आमच्याकडेही त्या वर्षांत होस्टेलांमध्ये हेच चालू होतं. लॅनवर सामायिक फोल्डर, त्यात लता-आशांपासून नव्या हिंदी चित्रपटांपर्यंत सगळं, आणि सुट्टीला घरी जाताना हार्ड डिस्क भरून न्यायची. आपल्याकडे कोणी दावे लावले नाहीत आणि कोणी पर्यायही दिला नाही. उत्तर आलं ते फोनवरून. स्पॉटिफाय अमेरिकेत २०११ मध्ये पोचलं आणि भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये. भारतातला त्याचा महिन्याचा दर अनेक वर्षं ११९ रुपये होता आणि विद्यार्थ्यांसाठी ५९. या व्यवस्थेत विद्यापीठाचं काम एवढंच सांगायचं, की हा मुलगा आमच्याकडे शिकतो. घ्यायचं की नाही हे तोच ठरवतो, आणि गाणं त्याच्या खिशात असतं. गाणी अजूनही भाड्याचीच आहेत, पण पेन स्टेटमध्ये राहिलेली गोष्ट, बरोबर नेण्याची, इथे सुटली.

भाड्याचा प्रश्न आता माझ्या टेबलावर आहे. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या सामायिक वर्गणी योजनेतून आमच्यासारख्या महाविद्यालयांना अल्प शुल्कात हजारो ई-पुस्तकं आणि जर्नल्स मिळतात. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. हे फार मोठं काम आहे. पण आम्ही स्वतःच्या पैशांनी घेतलेला एक डेटाबेस काही वर्षांपूर्वी नूतनीकरणाला उशीर झाला म्हणून एका रात्रीत बंद झाला, आणि ज्या वर्षांचे पैसे आधीच भरले होते त्या वर्षांचे अंकही त्याच्याबरोबर गेले. एम.ए.च्या एका मुलीचा प्रबंध अर्ध्यावर होता. ती काउंटरपाशी येऊन म्हणाली, ‘मॅडम, काल तर दिसत होतं.’ मागच्या कपाटात नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेट आहेत. फिती ताणल्या आहेत, आवाज थरथरतो, पण लावल्या की वाजतात.

तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याला मी दोन गोष्टी लेखी विचारते. तुम्ही जे देताय ते देण्याचा हक्क तुमच्याकडे कोणाकडून आला, आणि वर्गणी थांबली तर भरलेल्या वर्षांचं आमच्याकडे काय राहील. खरेदीआधी विद्यार्थी प्रतिनिधींना बोलावून आठवडाभर चाचणी वापर करायला देते. पहिल्याच वर्षी एका मुलाने दाखवून दिलं की चाचणीला आलेली एक सेवा मोबाइलवर उघडतच नाही. आमच्या निम्म्याहून अधिक मुलांकडे दुसरं काही नसतं. ती आम्ही घेतली नाही. यंदा तीन करार समोर आहेत. भरलेल्या वर्षांचा वापर कायम राहील, हे कलम एकात आलं आहे. उरलेल्या दोघांशी बोलणं चालू आहे.